केनवडच्या तंबूतला पंचनामा

टीव्हीवर पोलिसांचा सिनेमा लागला की घरातले सगळे इन्स्पेक्टरकडे बघतात आणि मी मुडद्याकडे बघते. परवा असाच एक लागला होता. समुद्रकाठचं मोठं हॉटेल, पोहायचं निळं टाकं, नारळाच्या झाडांना लटकवलेले रंगीत दिवे आणि वाळूत उताणा पडलेला एक बिचारा. सिनेमा टीव्हीसाठीच घाईघाईनं उरकलेला होता. इन्स्पेक्टर भर उन्हात कोट घालून फिरत होता आणि चोरामागे धावताना त्याचं पोट त्याच्या आधी पोचत होतं. नातसून म्हणाली, "आजी, खून कोणी केला असेल?" मी म्हटलं, "केला असेल कोणीतरी, त्याचं काय एवढं? तो पडलाय त्याचं तोंड नीट दाखवायला सांग." सगळे हसले. हसू देत. त्यांना केनवडचा तंबू ठाऊक नाही.

आम्ही माळी. केनवडच्या शिवेवर आमची बागायत होती. वांगी, मिरची, मेथी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. विहिरीवर मोट चालायची. पहाटे मोटेचं चाक कुरकुरायला लागलं की मला अंथरुणातच कळायचं, आज बैलांमागे कोण आहे. काका असले की शिव्या ऐकू यायच्या, वयनी असली की गाणं. आता मोटरीचं बटण दाबलं की पाणी येतं. चांगलंच आहे, कोणाचे हात सोलत नाहीत. पण त्या चाकाच्या आवाजावर मी जशी जागी व्हायची तशी पुढे कधी झाले नाही, हे मात्र खरं.

वडील मी लहान असतानाच गेले. घरात माझी माय गिरजाबाई, वडिलांचे धाकटे भाऊ उत्तमराव काका, मी अंजना आणि माझी वयनी सोजर, एवढीच माणसं. वयनी होती पण भाऊ नव्हता. माझा भाऊ चंपत कापसाच्या गाड्यांबरोबर जऊळक्याच्या स्टेशनावर गेला आणि तिथूनच रेल्वेत बसला. बैल आणि गाडी शेजाऱ्यानं घरी आणून सोडली. पोरगं नावाला जागलं, असं म्हणून गाव हसलं. भांडण नाही, तंटा नाही. चंपत देखणा होता आणि ते त्याला ठाऊक होतं, एवढाच काय तो तंटा. भांगात तेल घालून तो वाफ्यात उभा राहिला की वांगी लाजतात, असं मायच म्हणायची. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हाची ही गोष्ट, आणि मी सांगतेय त्या हिवाळ्यात त्याला जाऊन सहा वर्षं लोटली होती. साल पंचावन्न असेल किंवा छप्पन्न.

सोजर माहेरी गेली नाही. तिनं मोट हाकली, रोपं लावली, डोक्यावर पाटी घेऊन बाजार केला. मला वेणी घालायची तीच आणि माझ्या पाठीत धपाटा घालायचीही तीच. आमच्यात तेव्हा बाईला पाट लावता यायचा, म्हणजे दुसरं लग्न. पण त्याआधी नवऱ्यानं जातीच्या पंचांसमोर सोडचिठ्ठी द्यायला हवी, नाहीतर नवरा मरून त्याची तेरवी व्हायला हवी. सोजरच्या वाट्याला ना सोडचिठ्ठी आली होती, ना तेरवी. कुंकू लावून ती विधवेसारखी राबत होती आणि वय सरत चाललं होतं.

केनवडच्या बाजारात आमच्या शेजारी रिठदचा रामकिसन माळी बसायचा. बायको वारलेली, स्वभावानं गरीब, बोलणं मोजकं. ऊन फिरलं की तो आपलं गोणपाट सरकवायचा आणि सावली आमच्या वांग्यांना द्यायचा. स्वतःची मेथी सुकली तरी चालेल. वयनी घरी सहसा हसायची नाही. बाजारात हसायची, तेही तोंडाला पदर लावून. मी काही आंधळी नव्हते. त्यानं सोजरच्या बापाकडे रीतसर विचारणा केली आणि बाप आमच्या ओट्यावर येऊन बसला.

काका म्हणाले, "नवरा जित्ता असतानी तिचा पाट कसा लागन?"

"सहा वर्सं झाले, उत्तमराव. कायचा जित्ता?"

"मेला म्हनता तं मुडदा दाखवा. दाखवा अन् घेऊन जा पोरगी."

सोजरचा बाप उठला आणि पाणी न पिताच गेला. वयनी आत भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही, फक्त त्या दिवशीच्या भाकरी फार जाड झाल्या.

त्याच महिन्यात बाजाराच्या मैदानावर तंबूचा सिनेमा आला. मालक मदनसिंग अकोल्याकडचा. बैलगाडीवर भोंगा लावून तो गावोगाव ओरडत फिरला. काय दिवस होते ते! दिवस कलला की तंबूवर रेकॉर्ड लागायची आणि त्या आवाजावर आख्खं केनवड जेवायला बसायचं. मग रॉकेलच्या इंजिनाची भकभक सुरू व्हायची. बायकांसाठी वेगळी कनात होती, पडद्याच्या अगदी जवळ. प्रत्येकीनं आपापलं गोणपाट न्यायचं, शेंगा न्यायच्या, आणि पुढच्या बाईचा अंबाडा मोठा असला तर भांडायचं. शेंगांच्या टरफलांचा, बिड्यांचा आणि तापलेल्या कापडाचा मिळून जो एक वास यायचा, तो मला आजही कुठं आला तर मी मिनिटभर उभी राहीन.

सिनेमाचं नाव 'होटेल सागरकिरण'. समुद्रकाठी एक हॉटेल. तिथे श्रीमंत लोक हवा खायला येतात आणि हवा खाता खाता एकमेकांना मारतात. एक इन्स्पेक्टर, बारीक मिशीचा, हातात छडी, जो पाण्यात उतरला तरी टोपी काढत नव्हता. एक पाइप ओढणारा, जो दिसताक्षणीच खुनी आहे हे तंबूतल्या कुत्र्यालाही कळलं. एक नाचणारी. आणि झाडं अशी की वारा नसताना हलत होती आणि वारा असताना हलत नव्हती. आम्हाला काय त्याचं! आमच्यापैकी कोणी समुद्र पाहिला नव्हता. पहिली लाट आली तेव्हा पुढच्या बायकांनी पाय आखडून घेतले.

माय म्हणाली, "बाप्पा! एवढं पानी अन् एक वाफा नाई!"

मागून कोणी तरी सांगितलं, "खारं असते म्हनते ते पानी."

"मंग कायले ठिवलं?" माय म्हणाली. सगळ्या बायका हसल्या, सोजरवयनीसुद्धा.

आणि मग तो मुडदा आला. सकाळ झालेली, वाळूवर लोक जमलेले, एक माणूस चादर पांघरून पडलेला. आधी नुसते पाय दिसले. माय हसता हसता गप्प झाली. इन्स्पेक्टरनं छडीच्या टोकानं चादर बाजूला केली. भांग विस्कटलेला, डोळे मिटलेले, पण चंपतच. गावातल्या लेकराबाळांनीसुद्धा ओळखला असता. इन्स्पेक्टरनं छडी बुटावर आपटली आणि गोळा झालेल्या लोकांना विचारलं, "इस लाश को कोई पहचानता है?" हॉटेलातलं कोणीच पुढे येईना.

माय उठून उभी राहिली. तिच्या डोक्याची सावली पडद्यावर पडली, नेमकी इन्स्पेक्टरच्या छातीवर. "मी ओयखतो, साहेब! माहा चंपत हाये तो! माहा लेक हाये!"

इन्स्पेक्टरनं काही ऐकलं नाही. तो म्हणाला, "लावारिस लाश है," आणि पुढच्या कामाला लागला. माय खाली कोसळली. काय तो गोंधळ! पुरुषांच्या बाजूनं काका कनात ओलांडून आले. दोन म्हाताऱ्यांनी सोजरवयनीचे हात धरले, बांगड्या तिथेच फोडायला. त्या कामात आमच्या म्हाताऱ्या फार तत्पर असतात. वयनीनं दोन्ही हात काखेत घातले आणि म्हणाली, "थांबा. सिनेमा सरू द्या." ती रडली नाही. बायका त्यावर पुढे पुष्कळ दिवस बोलत होत्या.

रीळ बदलायला दिवे लागले तेव्हा मदनसिंग धावत आला. कपाळाला हात लावून हसावं की रडावं हे त्याला कळेना. मायजवळ उकिडवा बसून म्हणाला, "माँजी, वो मरा नहीं है. सोया है. साहब लोग बोले सो जा, तो सो गया. ये तो काम है उसका. बाद में उठके चाय पिया होगा."

मायनं तोंड वर केलं. "चाय पेला?"

"हाँ माँजी. पिया होगा, बिस्कुट भी खाया होगा."

"कुठीसा हाये आता?"

ते मात्र मदनसिंगला ठाऊक नव्हतं. सिनेमा जुना, तीन साल तर झालेच असतील, आणि असे पडणारे मुंबईत हजार. त्यांची नावं कोणी लिहून ठेवत नाही.

पुढचे दोन दिवस मायला मी जशी पाहिली तशी ना आधी पाहिली होती ना नंतर. लेक जिता आहे, सिनेमात आहे, चहा पितो. बाजारात वांगी तोलताना गिऱ्हाईकाला सांगायची आणि त्या आनंदात दोन वांगी वर घालायची. काका तर मिशीला पीळ देऊन फिरायला लागले. "आता बोला म्हना त्या सोजरच्या बापाले! जावई जित्ता हाये, उभ्या गावानं पाह्यला." रब्बी उरकली की मी मुंबईला जातो आणि त्याला धरून आणतो, असंही ते म्हणाले. काका वाशीमच्या पलीकडे कधी गेले नव्हते आणि मुंबईला जायचे नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. मोट हाकताना सोजरवयनीचं गाणं तेवढं बंद झालं.

तिसऱ्या दिवशी तिचा बाप पंचांना घेऊन आला. मुडदा दाखवा म्हणालात, मुडदा दाखवला, आता पोरगी द्या, असं त्याचं म्हणणं. काका म्हणाले तो मुडदा खोटा. मग ठरलं की तंबू उठायच्या आत पंचांनी स्वतः बघून निकाल द्यायचा.

ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. पाच म्हातारे, पांढरी पागोटी, सगळ्यात पुढे सतरंजीवर मांड्या घालून. मदनसिंगनं त्यांना चहा दिला. नाच चालू असताना पाचही जण असे बसले होते जणू कोणाच्या मयताला आलेत. मुडद्यावरची चादर निघाली आणि थोरल्या पंचांनी हात वर केला, "थांबव!"

"बाबा, रोकी तो बत्ती से फिलम जल जाएगी," मदनसिंग मागून ओरडला. तोवर इन्स्पेक्टर निघूनही गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मळ्यातल्या चिंचेखाली पंच बसले तेव्हा निम्म्यांनी तोंड पाहिलं होतं आणि निम्म्यांनी नुसते पाय.

एक म्हणाले, "मेलेला मानूस रोज रोज कसा मरन? परवाबी मेला, कालबी मेला."

दुसरे म्हणाले, "रोज नाई मरत गा. एकडाव मेला, त्याचा फोटो रोज दाखवते."

"सिनेमावाला म्हनते झोपला हाये."

"सिनेमावाल्याचं काय धरता? पोलिस म्हनते मेला. कागद लेह्यला त्यानं, लोक बोलावले, चादर काढून दाखवली. पंचनामा झाला. पोलिसानं पंचनामा केला तं आपून कोन मोडनारे?"

आज कोणी हसेल, पण कागद आणि टोपी या दोन गोष्टींपुढे तेव्हा भले भले गप्प बसत. काका उठून ओरडायला लागले, सोजरचा बाप ओरडायला लागला. शेवटी थोरल्या पंचांनी काठी आपटली.

"पोलिसानं इचारलं, कोन ओयखते? तवा कोन उभं झालं? गिरजा. मुडदा ओयखाचा हक्क मायचा. जित्ता म्हनन तं जित्ता, मेला म्हनन तं मेला. बोल वं गिरजा."

चिंचेखालचे सगळे मायकडे वळले. सोजरवयनी दूर, गोठ्याच्या दाराशी उभी होती. मायनं तिच्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "मले आज अजून एकडाव पाहू द्या. उद्या सांगतो."

पंच गेल्यावर काका मायच्या पुढ्यात बसले. "गिरजावयनी, पोटचा लेक हाये. तुह्या तोंडानं त्याले मारशीन काय? अन् सोजर गेली तं मोट कोन हाकन?" दोन्ही एका दमात म्हणाले, पण मोटेचं जास्त जोरात. काका वाईट नव्हते. त्यांच्या कमरेचा काटा ढिला झाला होता आणि आमची सगळी बागायत त्या पोरीच्या हातावर उभी होती. ज्याच्या घरी काम करणारे हात दोनच असतात तो ते सोडत नाही, एवढं मला पुढे माझ्या संसारात कळलं.

त्या संध्याकाळी माय आणि मी, दोघीच गेलो. वयनी म्हणाली तिचं डोकं दुखतं. माय पार पुढे जाऊन बसली, पडद्यापासून हातभर अंतरावर. हॉटेल आलं, समुद्र आला, टोपीवाला पाण्यात उतरला. मायनं शेंगांना हात लावला नाही. चादर निघाली तेव्हा तिनं माझा हात धरला.

मी त्या वेळी पहिल्यांदा नीट पाहिलं. आधी दोनदा रडारड आणि आरडाओरड यांतच ते निघून गेलं होतं. दादाचं पोट हळूच वर आलं आणि खाली गेलं. पुन्हा वर आलं. आणि डाव्या गालाला एक खळी पडत होती, हसू दाबलं की पडते ती. लहानपणी पहाटे मोटेवर जायचं टाळायला तो असाच झोपेचं सोंग घेऊन पडायचा आणि माय म्हणायची, गाल तं पाहा, गालच जागा हाये. मायनं माझा हात इतका दाबला की माझी बांगडी मनगटात रुतली. तिनं पाहिलं होतं. इन्स्पेक्टरनं विचारलं, "इस लाश को कोई पहचानता है?" या खेपेला माय बसून राहिली.

घरी येताना मळ्याच्या वाटेला लागल्यावर ती म्हणाली, "बरा दिसून राह्यला."

"हो," मी म्हटलं.

"गाल भरले. तेलबी चांगलं लावते." मग आणखी थोडं चालून, "सुखी हाये वं तो. आपली काई याद नाई त्याले. आपल्याबिगर बरा हाये." तिनं हे रागानं म्हटलं नाही. पीक कसं आलंय ते सांगावं तसं म्हटलं आणि मला मात्र रडू फुटलं.

सकाळी चिंचेखाली सगळे जमले. थोरल्या पंचांनी विचारलं, "पाह्यलं का वं नीट?"

"पाह्यलं."

"मंग?"

"माहा चंपत हाये." मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मेला हाये. माह्या डोयानं पाह्यलं, दम नाई त्याच्यात."

काका "वयनी!" म्हणून ओरडले. पंचांनी त्यांना बसवलं. माझ्या तोंडात शब्द आला होता. मायनं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मी तो गिळला. चांगलं केलं. आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी नको ते बोलले, त्या एका ठिकाणी गप्प बसले.

बांगड्या फोडायला म्हाताऱ्या पुन्हा सरसावल्या. मायनं त्यांना हात लावू दिला नाही. सोजरला विहिरीवर नेलं, हात ओले केले आणि एकेक बांगडी सोडवून पदरात घेतली. म्हाताऱ्या कुरकुरल्या, हे रीतीत बसत नाही म्हणाल्या. माय म्हणाली, "काचा वाफ्यात जाते न मंग पायाले लागते." कुंकू तिनं स्वतःच्या पदरानं पुसलं. जित्या लेकाचं कुंकू आईनं आपल्या हातानं पुसायचं, याहून अवघड काम बाईच्या जातीला काय असेल, मला सांगा.

मदनसिंगचा तंबू पुढे आणखी चार-पाच दिवस होता. पण आम्हाला आता सुतक. सुतकातल्या बाईनं सिनेमाला जायचं म्हणजे गावानं जिवंत सोडलं नसतं. लेकाला मेला म्हटलं आणि त्याला बघायचं दारही तिनं आपणच लावून घेतलं, हे तिच्या लक्षात आधी आलं होतं की मागाहून, मला माहीत नाही. दिवस बुडला की इंजिनाची भकभक मळ्यापर्यंत यायची. माय विहिरीच्या धावेवर, मोटेचे बैल चालतात त्या उतारावर, येऊन बसायची. मी जवळ गेले तर हातानं गप्प बस म्हणायची. वाऱ्यावर कधी गाणं यायचं, कधी लोकांचं हसणं. मग सगळा तंबू शांत व्हायचा आणि माय हळूच म्हणायची, "आता चादर काढली असन."

एके सकाळी मैदानावर नुसते खुंट्यांचे खड्डे राहिले. तेराव्या दिवशी तेरवी झाली. गाव जेवून गेलं, वरण चांगलं झालं होतं म्हणालं. मायच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही, म्हणून पुन्हा कुजबुज. चंपत पुढे कधी आला नाही, त्याचा निरोपही नाही. केनवडात आपल्या नावानं पंगती उठल्या हे त्याला कधी कळलं असेल असं वाटत नाही. तो येईल म्हणून माय आधी वाटेकडे बघायची. आता तेही गेलं. ज्याची तेरवी आपण घातली त्याची वाट कशी बघायची?

महिन्याभरानं रामकिसन चार माणसं घेऊन आला आणि गाजावाजा न करता पाट लागला. पहाटे गाडी जुंपली. सोजरवयनी मला पोटाशी धरून रडली, म्हणाली वेणी रोज घालत जा, झिपरी राहू नको. काका ओट्यावर तोंड फिरवून बसले होते, तरी त्यांच्या पाया पडली. मग मायच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठलीच नाही. मायनं खांद्याला धरून उठवलं.

वयनी खाली बघत म्हणाली, "आत्याबाई, एक गोठ सांगाची राह्यली."

"सांग."

"मी पह्यल्याच दिवशी पाह्यलं होतं. पोट हालत होतं त्याईचं."

मी मायकडे पाहिलं. ती म्हणाली, "ठाव हाये मले. तू रडली नाईस, तवाच समजलं."

"मंग तुमी काहून..." वयनीनं मायचा हात धरला. "मी म्हनलं तुमी सांगसान ते. तुमी जित्ता म्हनल्या असत्या तं मी राह्यली असती, आत्याबाई. खरंच राह्यली असती."

"म्हनूनच तं," माय म्हणाली. पदरात बांधलेल्या हिरव्या बांगड्या तिनं सोडल्या आणि एकेक करून वयनीच्या हातात चढवल्या, त्याच ज्या विहिरीवर काढल्या होत्या. "जाय आता. ऊन व्हते. बैलाईले तरास होईन."

गाडी रिठदच्या वाटेला लागली. आम्ही उभे राहिलो, गाडी वळणाआड जाईपर्यंत. बाजाराचा दिवस होता, म्हणून माय पाटी घेऊन वांगी तोडायला वाफ्यात शिरली. मी मोटेवर गेले, कारण आता मोट माझी होती. पहिलं पाणी पाटात पडलं असेल तोवर मला तिचा आवाज आला. वांग्याच्या ओळीत बसून ती मोठ्यानं रडत होती, छाती पिटून, तेरवीला रडली नव्हती ते सगळं. वाटेनं बाजाराला निघालेले लोक थांबले. एक बाई म्हणाली, "आत्ता फुटलं बिचारीले लेकाचं दुःख." मी बैल सोडून धावत तिच्याजवळ गेले. ती चंपतचं नाव घेत नव्हती. "सोजर गेली वं, अंजना," ती म्हणत होती, "माही सोजर गेली."